नातं संपल्यानंतरचं पहिलं वर्ष : आधी काय, नंतर काय

लग्न मोडलेल्या किंवा मोडत असलेल्या माणसांशी बोलताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती क्रमाची असते. जी कामं वर्षभर थांबली असती ती माणसं पहिल्या महिन्यात उरकतात: घर विकायला काढतात, नोकरी सोडतात, गाव बदलतात, नव्या स्थळाला होकार देतात. जी कामं एक आठवडाही थांबायला नकोत ती मात्र वर्षानुवर्षं पडून राहतात. आरोग्य विमा, बँकेतला नॉमिनी, दुसऱ्याच्या नावावरचं सिमकार्ड ही त्यातली नेहमीची. मीही हेच केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात राजीनामा दिला, आणि पीएफला नॉमिनी म्हणून आधीच्या जोडीदाराचं नाव पुढची चार वर्षं तसंच राहिलं.

असं होण्यामागे कारण आहे. घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. दहाव्याला, तेराव्याला माणसं जमतात. वर्षभर त्या घराकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. लग्न मोडलं की यातलं काहीच होत नाही. सोमवारी कोर्टाची तारीख असते आणि मंगळवारी ऑफिसात मार्चअखेरचं काम. दुःखाला जागाच मिळाली नाही की ते निर्णयांच्या वाटेनं बाहेर पडतं.

पुढचे टप्पे महाराष्ट्रात लग्न केलेल्या आणि परस्पर संमतीनं वेगळं होणाऱ्या जोडप्यांना समोर ठेवून लिहिले आहेत. लग्न न करता एकत्र राहिला असाल तर कागदांचा भाग कमी होईल, बाकीचं तसंच लागू आहे.

तयारी : एक वही, एक फाइल, दोन माणसं

वही साधी दोनशेपानी घ्या. पहिल्या पानावर ‘थांबणार नाही’ आणि शेवटच्या पानावर ‘थांबेल’ असं लिहा. डोक्यात येणारं प्रत्येक काम या दोनपैकी एका पानावर गेलं पाहिजे. घर विकणं, गाव बदलणं, नोकरी सोडणं, नवं नातं, उरलेल्या पैशाची मोठी गुंतवणूक हे सगळं शेवटच्या पानावर. तिथं लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीला सहा महिने हात लावायचा नाही.

फाइलमध्ये मूळ कागद ठेवा: आधार, पॅन, पासपोर्ट, शिक्षणाची प्रमाणपत्रं, विवाह नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले, घराचा करारनामा, कर्जाची कागदपत्रं, विम्याच्या पॉलिसी, गेल्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. दागिन्यांची यादी करा, सोबत फोटो काढा, पावत्या असतील तर त्याही जोडा. बायकोचं स्त्रीधन हे तिचंच असतं, सासरी कपाटात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

दोन माणसं वेगवेगळ्या कामांसाठी लागतात. एक रात्री अकराला फोन उचलणारं, सल्ला न देता ऐकणारं. दुसरं कागद वाचणारं, सोबत बँकेत येणारं. एकाच माणसावर दोन्ही टाकलंत तर ते महिनाभरात थकतं आणि तुम्हाला वाटतं, आता हेही दुरावलं. आईला शक्यतो यातलं एकही काम देऊ नका. तिचं स्वतःचं दुःख वेगळं असतं, ते तिला करू द्या.

*तपासा:* मूळ कागद हातात नसतील तर घर सोडण्याआधी ते मिळवा. निदान प्रत्येकाचा स्पष्ट फोटो तरी आपल्याकडे हवा.

टप्पा १ : आधी सुरक्षितता

मारहाण, धमक्या, पाठलाग यातलं काहीही असेल तर खालचे सगळे टप्पे बाजूला ठेवा. ‘मी चालले’ असं जाहीर केल्यानंतरचे दिवस अशा घरात सगळ्यांत धोक्याचे असतात. म्हणून ते भांडणात सांगू नका. निघायची जागा, सोबत आणि वेळ ठरवा, मगच निघा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे थेट जाता येतं आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००.

टप्पा २ : पहिले सहा आठवडे फक्त शरीर

या काळात मन समजून घ्यायच्या फंदात पडू नका. झोप, जेवण, चालणं, आंघोळ या चार गोष्टी रोज झाल्या की दिवस जमला असं समजा.

झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवा. झोप लागली नाही तरी उठायची वेळ बदलू नका. डबल बेडची रिकामी बाजू बऱ्याच जणांना झोपू देत नाही. बेडची दिशा बदला, मधोमध झोपा, किंवा काही आठवडे सरळ खाली गादी टाका. जेवण चुकवू नका. मऊ भात, मुगाचं वरण, तूप, ताक एवढं तरी दोन वेळा. एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येणारच. दोन महिने डबा लावा, त्यात कमीपणा नाही. ज्या पुरुषांनी आजवर गॅसही पेटवला नाही त्यांनी मात्र याच काळात खिचडी, पोहे आणि आमटी एवढं शिकून घ्यावं. रोज सात वाजता हाताला काम मिळतं, आणि सात ते नऊ हीच वेळ सगळ्यांत जड असते.

दारू. एकट्यानं घरी बसून अजिबात नाही. झोपेसाठी तर नाहीच. दारूनं डोळा लागतो, पण पहाटे तीनला उघडतो आणि मग सकाळपर्यंत विचार. मित्राकडच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्याही घेऊ नका.

*सावधान:* छातीत दुखलं, दम लागला, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी बसू नका. तीव्र मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक आजार खरोखर आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, आणि तो पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त दिसतो. त्याची लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. फरक रुग्णालयातच कळतो.

*तपासा:* सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटतंय, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलीय, कामावर जाणं जमत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे दुःखापलीकडचं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच फोन करा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं.

टप्पा ३ : सांगायचं कुणाला, किती

लोक दोन टोकं गाठतात. काही जण वर्षभर कुणालाच सांगत नाहीत. ‘ते परदेशी गेलेत’, ‘ती माहेरी आहे, बाळंतपणाला’ असं काहीबाही सांगत राहतात आणि प्रत्येक खोटं लक्षात ठेवता ठेवता दमतात. काही जण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सगळं सांगतात, आणि मग चाळीस माणसांचे चाळीस सल्ले घरी येतात.

क्रम असा ठेवा. आधी तुमची ती दोन माणसं. मग आई-वडील, भावंडं. मग मुलं असतील तर मुलं, आणि लगोलग त्यांची शाळा. मग ऑफिसात एक वरिष्ठ, तेही तारखांना रजा लागणार म्हणून. बाकीच्यांना विचारतील तेव्हा.

एकच वाक्य तयार ठेवा, शब्द न बदलता: ‘आम्ही वेगळे झालोय. दोघांनी मिळून ठरवलंय. आत्ता त्यावर बोलायला नको, वाटलं तर मी स्वतःहून सांगेन.’ काकू ‘पण झालं काय नेमकं?’ असं विचारणारच. तेच वाक्य पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा विचारलं तर चहा टाकायला उठा. कारण सांगू नका. कारण सांगितलं की त्याचा निवाडा सुरू होतो, आणि जरासं जमवून घ्यायला हवं होतं इथं येऊन तो थांबतो.

गावाकडे हे अवघड जातं, हे खरं आहे. तिथं बातमी तुमच्याआधी पोचते आणि बाईला ‘टाकलेली’ हा शब्द अजूनही ऐकावा लागतो. तिथं घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं, आत्यानं किंवा मोठ्या काकांनी, भावकीत आपणहून सांगितलं तर पुष्कळ फरक पडतो. तसं माणूस शोधा आणि काय बोलायचं ते त्यांच्याशी आधी नीट ठरवा.

*नेहमीची चूक:* व्हॉट्सॲप स्टेटस. रात्री टाकलेलं टोमण्याचं स्टेटस सकाळी त्यांच्या वकिलाकडे स्क्रीनशॉट म्हणून असतं.

टप्पा ४ : फोन आणि पासवर्ड, एका बसणीत

हे काम दोन तासांचं आहे, आणि ते टाळल्यामुळे सगळ्यात जास्त त्रास होतो.

पहिलं, सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे ते पाहा. अनेक बायकांचा नंबर नवऱ्याच्या नावावर असतो आणि तोच आधारला, बँकेला, यूपीआयला जोडलेला असतो. तो नंबर बंद झाला की ओटीपी बंद, म्हणजे स्वतःच्या पैशाला हात लावता येत नाही. नंबर आपल्या नावावर करून घ्या. ते जमत नसेल तर आपल्या नावावर नवा घ्या आणि आधी आधारला, मग बँकेला जोडा. दुसरं, ईमेलचा पासवर्ड आणि त्याच्या रिकव्हरीला असलेला नंबर बदला. तिसरं, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं, लोकेशन शेअरिंग, फोटोंचा सामायिक अल्बम, मग डिजिलॉकर. मुलांच्या फोनवरचं लोकेशनही पाहा.

समोरच्याचा फोन किंवा ईमेल उघडून पाहू नका, पासवर्ड माहीत असला तरी. तो गुन्हा होऊ शकतो. आणि जे वाचाल ते डोक्यातून जाणार नाही.

समाजमाध्यमांवर त्यांना म्यूट करा. ब्लॉक करावं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा नव्वद दिवस बघायचंच नाही, एवढं ठरवा. कॉमन मित्रांना सांगा, ‘तिकडची बातमी मला देऊ नका, चांगली असली तरी.’

टप्पा ५ : पैसे. इथं घाई हवी

दुःखात असलेल्या माणसाला आकड्यांकडे बघवत नाही, हे मला माहीत आहे. तरी वहीचं पहिलं पान इथं उघडा आणि कागद वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

आरोग्य विमा सगळ्यांत आधी. कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत किंवा जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात तुमचं नाव असेल, तर हुकूमनाम्यानंतर, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशानंतर, ते संरक्षण जातं. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब असं काही असेल तर हुकूमनामा व्हायच्या आधीच स्वतःची पॉलिसी घ्या. जुन्या पॉलिसीतून वेगळं होऊन आधीची वर्षं मोजली जातील का, हे विमा कंपनीला लेखी विचारा.

संयुक्त खातं. कोणीही एक सही करून पैसे काढू शकेल असं खातं असेल तर ते रिकामं होऊ शकतं, तुमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही. सगळे पैसे एकट्यानं काढून घेऊ नका, कोर्टात ते उलटतं. बँकेला लेखी कळवून व्यवहार दोघांच्या सहीनंच व्हावेत असं करा. पगार आणि घरभाड्यासाठी वेगळं, फक्त आपल्या नावाचं खातं उघडा. एकाच्या खात्यावर दुसऱ्याला दिलेलं ॲड-ऑन क्रेडिट कार्ड बंद करा.

गृहकर्ज. यावर माणसं सगळ्यांत जास्त फसतात. संमतीपत्रात, म्हणजे वेगळं होण्याच्या अटी ठरवून दोघं सही करतात त्या कागदात, ‘हप्ते ते भरतील’ असं लिहिलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही. सहकर्जदार म्हणून सही असेल तर हप्ता चुकला की दोघांचाही क्रेडिट स्कोअर पडतो. संमतीपत्र करतानाच ठरवा: बँकेकडून तुमचं नाव कमी करून घ्यायचं, की कर्ज एकाच्या नावावर फिरवायचं, की घर विकून कर्ज फेडायचं. आणि त्याला तारीख घाला. घर एकाच्या नावावर करायला नोंदणीकृत दस्त लागतो. तो पती-पत्नी असताना केला तर मुद्रांक शुल्क किती आणि नंतर केला तर किती, हे वकिलाला हुकूमनाम्याआधी विचारा. फरक मोठा असू शकतो.

नॉमिनी. बँक, ठेवी, म्युच्युअल फंड, डिमॅट, पीएफ, ग्रॅच्युइटी, आयुर्विमा, सोसायटी. घटस्फोट झाला म्हणून यातलं एकही नाव आपोआप बदलत नाही. मृत्युपत्र केलं असेल तर तेही आपोआप रद्द होत नाही, नवं करावं लागतं. बायको-मुलांच्या हितासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली आयुर्विमा पॉलिसी मात्र नंतर मनाला येईल तशी बदलता येत नाही. तशी पॉलिसी असेल तर संमतीपत्रात तिचा उल्लेख करा.

एकरकमी पोटगी मिळाली तर ती सहा महिने साध्या मुदत ठेवीत ठेवा. त्या काळात विमा एजंट, लांबचा मेहुणा आणि प्लॉट विकणारा मित्र असे तिघंही घरी येतील. त्या तिघांनाही वहीतलं शेवटचं पान दाखवा.

*तपासा:* कागदावर तीन आकडे लिहा. महिन्याचा किमान खर्च, हातात येणारा पैसा, आणि काहीच न आलं तर किती महिने निभेल. तिसरा आकडा सहापेक्षा कमी असेल तर नोकरी, घर, गाव यातलं काहीही हलवू नका.

टप्पा ६ : कोर्टाची वाट आणि तिचा मनावर होणारा परिणाम

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर दोघांनी कोर्टात पुन्हा संमती सांगायची असते, त्या दुसऱ्या टप्प्यासाठी सहा महिने थांबतात, आणि अठरा महिन्यांच्या आत तो पूर्ण करावा लागतो. हे सहा महिने परिस्थिती पाहून न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ठरवलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणून त्याआधी घरावरचा हक्क सोडून देणं, राजीनामा, पैसे देऊन टाकणं असं परत न फिरवता येणारं काही करू नका.

तारखेच्या दिवशी रजा पूर्ण दिवसाची टाका. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक दोघांना भेटतात, एकत्र आणि वेगवेगळं. तिथं खरं बोला, पण वाद घालायला जाऊ नका. बाहेर पडल्यावर लगेच गाडी चालवू नका. सोबत कुणी असेल तर चहा प्या, काहीतरी खा, मग निघा. शेवटच्या तारखेनंतर हलकं वाटेल असं सगळे सांगतात. बहुतेकांना त्या संध्याकाळी काहीच वाटत नाही, आणि चार दिवसांनी भाजी निवडताना कोसळायला होतं. त्या आठवड्यात एकटं राहू नका.

टप्पा ७ : मुलं

सांगताना शक्य असेल तर दोघं मिळून बसा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, रात्री झोपताना नाही. मुलांना तीनच गोष्टी हव्या असतात: यात माझी चूक आहे का, मी कुठे झोपणार, आणि बाबा किंवा आई मला कधी भेटणार. तिन्हींची स्पष्ट उत्तरं द्या. भेटीचे दिवस कॅलेंडरवर रंगानं खुणा करून भिंतीवर लावा.

मुलांच्या हाती निरोप पाठवू नका. ‘बाबांना सांग फी भरायला’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला पेलत नाही. शाळेला लेखी कळवा: मुलाला न्यायला कोण येईल, फोन कुणाकुणाला करायचा. दोन्ही आजी-आजोबा मुलांचेच असतात. तुमचं सासर सुटलं तरी त्यांची आजी सुटू देऊ नका.

टप्पा ८ : घर आणि वस्तू

एका दिवसात सगळं काढून टाकू नका, आणि सगळं जिथल्या तिथंही ठेवू नका. तीन खोकी घ्या. पहिल्यात त्यांचं, परत द्यायचं, यादी करून तिसऱ्या माणसाच्या हातून. दुसऱ्यात रोजच्या वापरातलं पण बघवत नाही असं. तिसऱ्यात पत्रं, लग्नाचा अल्बम, शालू, मंगळसूत्र. तिसरं खोकं चिकटपट्टी लावून माळ्यावर किंवा भावाकडे. वर्षभर उघडायचं नाही, टाकायचंही नाही. रागात मंगळसूत्र मोडलेल्या बायका मला भेटल्या आहेत. त्यातल्या काहींना त्याचं काहीच वाटत नाही आणि काहींना फार वाटतं, आणि आपण कुठल्यातल्या आहोत हे आधी कळत नाही.

भाड्यानं घर घेणार असाल तर करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला सोसायटीत नको ते प्रश्न विचारतात. ‘कुटुंब आहे का’ याला उत्तर ‘मी राहणार आहे’ एवढंच.

टप्पा ९ : दुखवटा ठरवून धरा

पहिले सहा-आठ आठवडे गेले, पैशांची तातडीची कामं मार्गी लागली, की मग हे. याआधी जमत नाही आणि यापेक्षा फार उशीर केला तर ते आतच मुरतं. कोर्टाचं अजून चालू असलं तरी चालेल.

वहीत मधल्या पानांवर ‘काय काय गेलं’ याची यादी करा. ‘संसार गेला’ असं एक मोठं वाक्य लिहून उपयोग नाही, त्याच्यासाठी रडता येत नाही. बारीक लिहा. सासूबाईंच्या हातची कटाची आमटी. नणंदेचा रविवारचा फोन. लाडका पुतण्या. त्या गल्लीतला भाजीवाला जो न सांगता कोथिंबीर टाकायचा. पासष्टीनंतर कोकणात राहायचं ठरलं होतं ते. ‘घराच्या किल्ल्या घेतल्यास का?’ विचारणारा आवाज. लग्न वाईट होतं तरी यातलं बरंच काही चांगलं असतं, आणि ते गेल्याचं दुःख करायला लाज वाटते. ती वाटू देऊ नका. त्याच यादीच्या उलट्या बाजूला, कशातून सुटलो तेही लिहा. एकाच दिवशी दोन्ही खरं असू शकतं.

मग रोज एक ठरलेली अर्धा तासाची वेळ, समजा संध्याकाळी साडेसातची, या यादीला द्या. रडा, लिहा, बसून राहा. वेळ संपली की तोंड धुऊन एखादं हाताचं काम करा: कपडे घड्या घालणं, लसूण सोलणं. दिवसा भलत्या वेळी भरून आलं तर स्वतःला सांगा, साडेसातला. पहिले काही दिवस हे जमणार नाही. तीनेक आठवड्यांत बहुतेकांना जमतं.

दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीनं येतात असं कुठेतरी वाचलं असेल. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. तुमचं दुःख त्या पायऱ्यांनी उतरत नसेल तर तुम्ही चुकत नाही. ते भरती-ओहोटीसारखं येतं. आठ महिन्यांनी एखाद्या दुपारी पहिल्या दिवसाइतकं आलं, तरी मागे पडलो असं समजू नका.

सासरच्या एखाद्या माणसाशी नातं टिकवावंसं वाटलं तर टिकवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त त्या नात्यात तिकडची बातमी विचारायची नाही, इकडची द्यायची नाही.

*नेहमीची चूक:* ‘आपण मित्र म्हणून राहू’ असं पहिल्याच महिन्यात ठरवणं. रोजच्या फोननं जखम रोज उघडते. मुलं नसतील तर किमान सहा महिने बोलणं फक्त कागदांपुरतं आणि लेखी ठेवा. पुढे मैत्री व्हायची असेल तर तेव्हाही होईल.

टप्पा १० : सण आणि तारखा

वहीत पुढच्या बारा महिन्यांचे जड दिवस आधीच लिहून ठेवा: लग्नाचा वाढदिवस, त्यांचा वाढदिवस, गौरी, पाडवा, संक्रांत, घरातलं पहिलं लग्नकार्य. प्रत्येकासमोर त्या दिवशी कुठे असाल आणि सोबत कोण, एवढंच लिहा. बेत फिसकटला तरी चालतो, पण दिवस रिकामा नको.

दिवाळीचा पाडवा बायकांना आणि पुरुषांनाही सारखाच टोचतो, फक्त पुरुष बोलत नाहीत. त्या संध्याकाळी भावाकडे जा, किंवा आपल्यासारख्याच एखाद्या माणसाला जेवायला बोलवा. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही तर दुखतं, आलं तरी तिथं दुखू शकतं. जाणार असाल तर आधी बोलावणारीशी बोला. जायचं नसेल तर ‘यंदा नाही जमणार’ पुरेसं आहे. आणि स्वतःच्या घरी करावंसं वाटलं तर बेलाशक करा, बोलावताना सगळ्यांना बोलवा.

टप्पा ११ : शेवटचं पान

सहा महिन्यांनी ‘थांबेल’चं पान उघडा. एकेक ओळ वाचा आणि पुढे तारीख टाकून लिहा: अजून हवं, नको, माहीत नाही. ‘माहीत नाही’ला आणखी तीन महिने. माझ्या पानावर नऊ ओळी होत्या, सहा महिन्यांनी त्यातल्या दोनच हव्याशा उरल्या.

आडनाव बदलायचं असेल तर तेही या टप्प्यात, आधी नाही. राजपत्रातली नोंद किंवा हुकूमनामा, मग आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी बाकीचं. क्रम उलटा केला तर दोन कागदांवर दोन नावं होऊन प्रत्येक ठिकाणी अडकाल. आधारवरचं नाव मोजक्याच वेळा बदलता येतं, म्हणून नक्की ठरल्याशिवाय हात लावू नका.

नव्या नात्याचा विचार असेल तर आधी एक गोष्ट स्वतःशी तपासा. त्या माणसाशी बोलताना जुन्या माणसाचा विषय न निघता एक संध्याकाळ जाते का? जात नसेल तर अजून थोडं थांबा. दुसरं लग्न ठरलं तर हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती मिळाल्या आहेत आणि अपिलाचा प्रश्न उरलेला नाही, याची वकिलाकडून लेखी खात्री करा. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यात तो सहसा नसतो, पण लढून किंवा एकतर्फी मिळालेल्या हुकूमनाम्यात असतो. प्रमाणित प्रती तीन-चार काढा. एक फाइलमध्ये, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक कागद वाचणाऱ्या त्या माणसाकडे.